स्प्रिंगला बोलू द्या



मालाडच्या पश्चिमेला मार्वेचा धक्का आहे. तेथून खाडीपलीकडच्या मनोरीला बोट जाते. मनोरी हे गाव मुंबई महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे, पण मोटारीने जायचे तर भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा पडतो. म्हणून पायी माणसे आणि स्कूटरी खाडी ओलांडतात त्या बोटीनेच. ही बोट भरत असताना तिच्या कडेकडे नीट पाहा. एकेक माणूस चढतो तशी ती पाण्यात किंचित खाली जाते. बोटवाला बोलत असतो दुसऱ्याच कोणाशी, पण त्याचा डोळा असतो पाण्यावर. पाणी पुरेसे वर आले की तो हात आडवा करतो आणि उरलेल्यांना पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. वजनकाटा नाही, आकडेमोड नाही; बोट स्वतःच आपले ओझे सांगते.

मागे एकदा मी असाच मनोरीला उतरलो आणि रिक्षात बसण्यापूर्वी, जुनी खोड म्हणून, वाकून तिच्या मागच्या चाकाकडे पाहिले. स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या फटीत जुन्या टायरचे जाड तुकडे ठोकून बसवले होते.

"हे कशाला, भाऊ?" मी विचारले.

"गाडी बसत होती सर. आता नाय बसत. कितीपण भरा."

"कितीपण भरा" या दोन शब्दांविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये किंवा आर्ममध्ये बदल करणे हा काही गुन्हा नव्हे. पण न मोजता केलेला बदल म्हणजे सत्य सांगणाऱ्या साक्षीदाराचे तोंड बांधणे होय. आणि ज्यांना गावात "सुधारणा" म्हणतात त्यांतल्या बहुतेक सुधारणा अशाच असतात.

प्रथम त्या मागच्या चाकाची रचना पाहू. रिक्षाची मागची दोन चाके ट्रकच्या चाकांप्रमाणे एका आडव्या ॲक्सलने जखडलेली नसतात. प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर बसवलेले असते. एक दार आडवे पाडल्याची कल्पना करा. त्याची बिजागरी पुढच्या बाजूला, गाडीच्या सांगाड्याला. मोकळी कड मागे, आणि त्या कडेला चाक. खड्डा आला की चाकासकट दार बिजागरीभोवती वरखाली होते. गाडी पुढे जाताना हा दांडा चाकाला आपल्या मागे ओढत नेतो, म्हणून त्याला ट्रेलिंग आर्म म्हणतात. आर्म आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते, आणि स्प्रिंगचे हेलकावे शांत करायला शॉकॲब्सॉर्बर. बिजागरीच्या जागी रबर बसवलेले बुश असतात. बस, एवढेच. जागा थोडी लागते, भाग थोडे लागतात, आणि एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची फारशी दाद नसते.

या गाडीचे कूळही मोठे आहे. कोर्रादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इटालियन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीसाठी व्हेस्पा स्कूटर रचली. तिच्यावरून १९४८ साली 'आपे' ही तीनचाकी आली. आपे म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. आपल्याकडे बजाज ऑटोला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला तो १९५९ साली, आणि पियाजिओच्या सहकार्याने ही वंशावळ पुण्याजवळच्या आकुर्डीला पोचली. आज मनोरीच्या रस्त्यावर जी रिक्षा खडखडत जाते ती या मधमाशीची नात किंवा पणती समजा.

आता गणित. घाबरू नका, नववीच्या पुस्तकाबाहेरचे त्यात फार काही नाही.

रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्हाला ठाऊक आहे: स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो. पण रिक्षात चाक आणि स्प्रिंग एका जागी नसतात, मध्ये तरफ असते. समजा आर्मची लांबी, म्हणजे बिजागरीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, ४० सें.मी. आहे आणि स्प्रिंग बरोबर मध्यावर, २० सें.मी.वर टेकली आहे. चाक ४ सें.मी. वर गेले तर स्प्रिंग दबेल २ सें.मी.; म्हणजे बल झाले निम्मे. ते बलही निम्म्या अंतरावर लागू होते, म्हणून चाकाशी त्याचा परिणाम पुन्हा निम्मा. निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव. चाकाला जाणवणारा ताठपणा स्प्रिंगच्या स्वतःच्या ताठपणाच्या फक्त एक चतुर्थांश!

येथेच पहिली गंमत आहे. एखाद्या मिस्त्रीने स्प्रिंगची बैठक कापून ४ सें.मी. मागे, चाकाच्या दिशेने, वेल्डिंग करून बसवली. स्प्रिंग तीच. आता प्रमाण २४ भागिले ४०, म्हणजे ०.६. त्याचा वर्ग ०.३६. पूर्वी होते ०.२५. चार बोटांहून कमी अंतर सरकवले आणि गाडी ४४ टक्के ताठ झाली. "थोडीशी मागे घेतली" असे मिस्त्री म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण वर्गाचा नियम थोडेसे जाणत नाही.

मित्रहो, गाडीची मागची बाजू "टाइट" करण्याचे जे तीनचार प्रकार गॅरेजांत चालतात ते सगळे एकच आहेत असे लोक धरून चालतात. तसे नाही. स्प्रिंगच्या बैठकीखाली लोखंडी चकती घातली तर गाडी उंच होते, पण ताठ होत नाही. वेटोळ्यांच्या फटीत रबर ठोकले तर ती वेटोळी काम करायची थांबतात. सहा कामाच्या वेटोळ्यांपैकी तीन अडकली तर उरलेल्या तिनांची स्प्रिंग दुप्पट ताठ होते. गाडी खाली बसावी म्हणून एक वेटोळे कापून टाकले, तर सहाच्या जागी पाच उरतात आणि स्प्रिंग २० टक्के ताठ होते. म्हणजे उंची कमी करायला गेलो आणि धक्के वाढवून बसलो. बैठक सरकवली तर उंची आणि ताठपणा दोन्ही बदलतात. आणि गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून "बसवणे" हा प्रकार तर सर्वांत वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला जो गुण आहे तो कारखान्यात मोजूनमापून तापवण्या-थंड करण्याने आलेला असतो. तो त्या ज्वाळेत निघून जातो. पुन्हा येत नाही.

ताठपणा वाढला तर बिघडले काय? दोन गोष्टी बिघडतात. एक प्रवाशाच्या अंगाची. स्थिर उभ्या गाडीत स्प्रिंगमुळे चाकाशी जेवढे सें.मी. दबलेले असतात त्यांचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. येईल तो आकडा म्हणजे गाडी दर सेकंदाला किती हेलकावे घेईल तो. ९ सें.मी. दबली असेल तर ५ भागिले ३, म्हणजे सुमारे १.७ हेलकावे. दुप्पट ताठ स्प्रिंग निम्मीच, ४.५ सें.मी., दबेल आणि हेलकावे होतील सुमारे २.४. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत हळवे असते. स्प्रिंग जितकी ताठ करावी तितके आपण त्या पट्ट्याकडे सरकतो. प्रवासी वीस मिनिटांत उतरून जातो. चालक मात्र दिवसभर तेथेच बसलेला असतो.

दुसरी गोष्ट शॉकॲब्सॉर्बरची. तो मूळ स्प्रिंगच्या मापाचा असतो. स्प्रिंग ४४ टक्के ताठ झाली की तेवढेच हेलकावे शमवायला २० टक्के अधिक जोर लागतो. तो जोर जुन्या शॉकॲब्सॉर्बरपाशी नाही. मग खड्ड्यानंतर चाक जमिनीवर नीट टेकायला वेळ घेते, आणि जे चाक टेकलेले नाही त्याला ब्रेक लावून उपयोग काय?

जुनी पिकअप गाडी घेऊन तिची मागची बाजू बदलण्याचा छंद अमेरिकेत फार आहे. तिकडच्या शेव्हरोले कंपनीच्या १९६० ते १९७२ या काळातील अर्ध्या टनी पिकअपना मागे लांबलचक ट्रेलिंग आर्म आणि गोल स्प्रिंग होत्या. तेथे मात्र दोन्ही चाके एका ॲक्सलवर, आणि दोन्ही आर्म त्या ॲक्सलला आवळलेले. ही मांडणी इतकी चिवट की नॅसकारच्या मुख्य मालिकेतील शर्यतीच्या गाड्यांत ती २०२१ पर्यंत टिकून होती. हौशी लोक या पिकअप खाली बसवतात. आर्म समजा सव्वा मीटर लांब आहे आणि गाडी १० सें.मी. खाली घेतली, तर आर्म सुमारे साडेचार अंशांनी फिरतो. त्याच्याबरोबर ॲक्सलही फिरतो आणि इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचा सांध्यातला कोन बिघडतो. शिवाय ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. तो वर्तुळाच्या कमानीत फिरत असल्याने ॲक्सलला थोडे बाजूला ओढतो. म्हणून जाणकार हौशी गाडी खाली घेण्यापूर्वी कोन मोजतो, मग पाचर घालून तो जुळवतो, आडव्या दांड्याची लांबी पुन्हा ठरवतो. हौस असली तरी ती मोजपट्टीसकट आहे.

रिक्षाचा आर्म मात्र आखूड. ४० सें.मी.च्या आर्मवर नुसती ५ सें.मी. उंची वाढवली तर तो सात अंशांहून अधिक फिरतो. लांब आर्मच्या पिकअपला जी चूक खपते ती येथे निम्म्यातच अंगाशी येते. रिक्षाचा डिफरन्शियल सांगाड्याबरोबर राहतो आणि त्याच्यापासून दोन आखूड शाफ्ट चाकांकडे जातात. गाडी उंच केली की हे शाफ्ट कायमचे तिरके फिरतात, त्यांच्या सांध्यांवरची रबरी टोपणे फाटतात, आत रेती जाते. मनोरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात रेती कोठून आली हे विचारायला नको! आणि तीनचाकीचा गुरुत्वमध्य ५५ सें.मी.वरून ६० वर गेला, तर वळणावर कलंडण्यापूर्वीची तिची सहनशक्ती सुमारे एक बारांश घटते. हा फरक थोडा वाटेल. पुढे एकच चाक असलेल्या गाडीला मुळात फार राखीव शिल्लक नसते, एवढे लक्षात ठेवा.

आता रिक्षावाल्याची बाजू. ती ऐकल्यावाचून मत देणे योग्य नव्हे. "गाडी बसत होती" हे त्याचे म्हणणे खरे होते. पण गाडी का बसत होती? मला वाटते, उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि लालसर रंगाचे होते. गंज. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगचा रंग उडाला की तार झिजू लागते. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. १२ मि.मी.ची तार गंजून ११.५ मि.मी. राहिली, म्हणजे अर्धा मि.मी. गेला, तर ताठपणा जवळजवळ १६ टक्क्यांनी उतरतो. त्यातून गंजाच्या प्रत्येक खळग्याशी ताण एकवटतो आणि तेथूनच एक दिवस तार तडकते. अशा स्प्रिंगमध्ये रबर ठोकणे म्हणजे आजारी बैलाच्या तिघांचे काम दोघांवर टाकणे: अडकलेली वेटोळी सुटतात, उरलेल्यांवर सगळी दबणूक येते. या गाडीला ताठ स्प्रिंग नको होती, तिचीच स्प्रिंग नवी हवी होती. नवे बुश, नवा शॉकॲब्सॉर्बर, बैठकीवर गंजरोधक रंग. जुन्या गाडीतली सर्वांत चांगली सुधारणा म्हणजे तिला मूळ पदावर आणणे, हे वाक्य कोणत्याही गॅरेजच्या पाटीवर लिहिलेले मी पाहिलेले नाही. त्यात मिरवण्यासारखे काही नाही ना!

पण "कितीपण भरा" याचे काय? मूळ स्प्रिंग जास्त ओझ्याखाली खाली बसते, आर्म रबरी गुटक्यावर आदळतो, ठाणकन आवाज येतो आणि चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. हा आवाज म्हणजे गाडीचे बोलणे आहे. ताठ स्प्रिंग हे बोलणे बंद करते; ओझे मात्र कमी करत नाही. ते चाकाच्या बेअरिंगवर, बुशवर, टायरवर आणि ब्रेकवर पूर्वीइतकेच पडते. त्यांतले कोणीही स्प्रिंगसारखे आधी कुरकुरत नाही. आर्म तडकलाच तर लोक त्यावर पत्र्याचे ठिगळ वेल्ड करतात, आणि पुढची चीर त्या ठिगळाच्या काठालाच जाते, कारण ताठ आणि लवचीक यांची सीमा तेथे आलेली असते.

कायदा याविषयी गप्प नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. पण नोंदणीपुस्तकात स्प्रिंगचा ताठपणा लिहिलेला नसतो. जे लिहिलेले नाही ते तपासणार कोण?

म्हणून माझी एक सूचना आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये जहाजे बेसुमार भरून समुद्रात पाठवत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध चळवळ केली आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. मात्र ती कोठे रंगवायची हे मालकाच्या मर्जीवर होते. एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवल्याची गोष्ट सांगतात. रेषेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाकडून काढून घेणारा कायदा १८९० साली आला, तेव्हा कोठे त्या रेषेला अर्थ आला. तीनचाकीलाही अशी भाररेषा का असू नये? मुंबईच्या रिक्षाला तीन प्रवाशांची परवानगी आहे. तीन प्रवासी आणि त्यांचे बेताचे सामान घेऊन गाडी जेथवर बसते तेथे मडगार्डवर एक पांढरी रेघ, आणि आर्मवर एक खूण. खूण रेघेच्या वर गेली की गाडी भरली. ताठ स्प्रिंग घालून रेघेला फसवता येईल, हे खरे. त्याला उपाय असा की योग्यता तपासणीच्या वेळी ठरलेले वजन मागच्या बाकावर ठेवावे आणि गाडी किती सें.मी. दबते ते मोजावे. फार कमी दबली तर स्प्रिंग ताठ केली आहे, फार जास्त दबली तर ती थकली आहे. रेघ ओढावी तीही तपासनीसाने.

शिक्षकांना एक विनंती. हाच प्रयोग शाळेच्या दारात होऊ शकतो. ओळखीच्या रिक्षावाल्याची परवानगी घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, ब्रेक लावलेला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरचे दबणेही त्यात मिसळेल. मग वजन केलेले तीन विद्यार्थी बसवा, गाडी हाताने दोनदा हलवा म्हणजे सांध्यांतले घर्षण सुटेल, आणि पुन्हा मोजा. समजा तिघे मिळून १५० कि.ग्रॅ. आणि फरक ३ सें.मी. आला. मागच्या स्प्रिंगांवर एकूण ४५० कि.ग्रॅ. भार असेल तर त्या प्रमाणात दबलेले अंतर ९ सें.मी. मग वरचे सूत्र वापरा, गाडी दाबून सोडा आणि हेलकावे डोळ्यांनी मोजता येतात का पाहा. शॉकॲब्सॉर्बर चांगला असेल तर मोजता येणार नाहीत, एकदोनातच गाडी शांत होईल. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, शिक्षकांनीसुद्धा, डोके घालू नये.

ही भाररेषेची कल्पना मी त्या मनोरीच्या रिक्षावाल्याला बोलून दाखवली. रबर ठोकल्याबद्दल मी बोलेन असे त्याला वाटले होते, त्यामुळे तो जरा सैल झाला. थोडा विचार करून म्हणाला, "रेघ ओढा ना सर. पण आत नको, बाहेर ओढा, बसणाऱ्याला दिसेल अशी. बोटीतून उतरले की चौघे येतात आणि म्हणतात, भाऊ, एकाला पुढं घ्या. माझं कोण ऐकतोय?"

मी ती मडगार्डच्या आतल्या कडेला ओढणार होतो. आता बाहेर, दाराजवळ, हाताच्या पंजाएवढी ठळक ओढावी असे म्हणतो.